आसारीचा खेळ

"मोटर काढ," मी म्हणालो.

मुकुंदने मान वर केली नाही. आसारी त्याच्या मांडीवर होती आणि ओठांत एक स्क्रू. तो काढून त्याने तळहातावर ठेवला आणि मग म्हणाला, "मोटर काढली तर आसारी ठेवायची कशाला?"

"तेच म्हणतोय मी."

"परवा बाई येणार आणि तू आज हे म्हणतोयस?"

"दिवाळीपासून म्हणतोय. तुला आज ऐकू आलं."

तो हसला. मुकुंदशी भांडणं अवघड होतं ते यामुळेच. समोरचा चिडला की हा हसायचा आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचा.

आसारी म्हणजे पतंगाचा मांजा गुंडाळायचं चक्र. बाकीचे लोक त्याला फिरकी म्हणतात, पण आम्ही दोघं येवल्याचे, आणि आमच्याकडे फिरकी म्हणणारा पाहुणा समजला जातो. बांबूच्या पात्या, मधून आरपार दांडा, तो दोन्ही हातांत धरून फिरवायचा. मुकुंदने गावच्या सुताराकडून मुद्दाम लहान आकाराची करून घेतली होती. तिच्या पोटात त्याने एका मोडक्या प्रिंटरची मोटर बसवली आणि तिथून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली. समोर पडद्यावर पतंग. आसारी गुंडाळली की पडद्यावरचा पतंग जवळ यायचा, सैल सोडली की लांब जायचा. वारा भरला किंवा दुसऱ्याचा मांजा घासला की मोटर चालू होऊन आसारी हाताला ओढ द्यायची. हा आमचा व्हिडिओ गेम. नाव 'वकाट', कारण पतंग कटला की येवल्याच्या गच्च्यांवरून हीच आरोळी उठते.

ऐकणारा प्रत्येक जण खूश व्हायचा. मीही झालो होतो. अडचण एवढीच होती की गेम झालाच नव्हता. पडद्यावर एक गच्ची होती, एक समोरचा पतंग होता, आणि तो पतंग इतका मठ्ठ होता की दोन डावांत कंटाळा यायचा. त्याला डावपेच शिकवायचे होते, वाऱ्याचे दिवस वेगळे करायचे होते, नवीन गच्च्या बांधायच्या होत्या. ते सगळं माझं काम, आणि ते दर आठवड्याला मागे पडायचं, कारण दर आठवड्याला आसारीचं काहीतरी निघायचं. कधी दांडा करकरायचा, कधी मोटर तापायची, कधी ओढ उशिरा लागायची. मग मी माझं सोडून त्या ओढीच्या मागे लागायचो.

"आधी कळस मग पाया चाललंय आपलं," मी म्हणालो. "पत्त्यांना कधी बॅटरी लागते का? तरी लोक जेवणं विसरून खेळतात."

"कॅरमला स्ट्रायकर लागतो ना?"

"लागतो. पण स्ट्रायकर घासण्यात कोणी वर्ष घालवत नाही."

"माझं अजून वर्ष झालेलं नाही," मुकुंद म्हणाला आणि स्क्रू जागेवर बसवला.

आमचं ऑफिस नाशिकला गंगापूर रोडच्या मागच्या बाजूला, एका गणिताच्या क्लासच्या वरच्या खोलीत होतं. क्लासची मुलं अधूनमधून वर यायची. आसारी हातात घ्यायची, फोटो काढायची, एक डाव खेळायची, 'सही आहे' म्हणून निघून जायची. दुसरा डाव कोणी मागितला नाही. अगदी सुरुवातीला मी नुसता कीबोर्डवर खेळायचा एक कच्चा गेम केला होता. दोनच बटणं, एक ढील द्यायचं आणि एक खेचायचं. त्यावर दोन मुलींनी क्लास बुडवला होता आणि शेवटी एकमेकींशी अबोला धरला होता. मी मुकुंदला ते पुन्हा पुन्हा सांगायचो. तो म्हणायचा, "बटणात मजा आहे, मान्य. पण बटणात पतंग नाही."

परवाच्या शनिवारावर मुकुंदचं सगळं अवलंबून होतं. बंगळुरूच्या एका कंपनीतल्या नलिनी कामत म्हणून बाई येणार होत्या. छोटे गेम निवडायचे, ते पुरे करून घ्यायचे आणि बाजारात आणायचे, हे त्यांचं काम. त्यांनी 'वकाट' घेतला तर आम्हाला दीड वर्ष निवांत काम करता येणार होतं. नाही घेतला तर मी कुठेतरी नोकरी धरली असती, माझी बायको केतकी बँकेत होती, घर चाललं असतं. मुकुंदचं तसं नव्हतं. येवल्यात त्याच्या वडिलांचं, अण्णांचं, पैठणीचं दुकान होतं. मोठा भाऊ आपला हिस्सा घेऊन वेगळा झालेला. अण्णांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "संक्रांतीपर्यंत काय दिवे लावायचे ते लाव. मग गादीवर येऊन बस." आणि त्या गादीवर एकदा बसलेला माणूस उठत नाही, हे आम्ही आमच्या गल्लीत पाहतच मोठे झालो होतो. संक्रांत पुढच्या आठवड्यात होती.

म्हणून मला गेम वाचवायचा होता. गेम वाचला तर मुकुंद वाचेल, असं माझं साधं गणित होतं. ते गणित मी मनातल्या मनात अनेकदा ताडून पाहिलं होतं आणि ते दर वेळी बरोबर येत होतं.

आम्ही पाचवीपासून एका गच्चीवरचे. आमची गच्ची उंच, म्हणून तो आमच्याकडे यायचा. येवल्यात पुष्कळ जण आसारी स्वतःच काखेत धरून उडवतात, पण आमच्यात पहिल्या दिवसापासून वाटणी होती. पतंग मी उडवायचा, आसारी त्याने धरायची. मी पुढे, नजर आभाळात, मांजा बोटांत. तो माझ्या मागे. मी "ढील" म्हणालो की ढील, "गुंडाळ" म्हणालो की गुंडाळ. हे बदलावं असं आम्हाला कधी वाटलं नाही. मी उडवणारा होतो आणि तो धरणारा होता, जसा एखादा डावखुरा असतो आणि एखादा नसतो.

शुक्रवारी दुपारी मी जेवून परत आलो तर खोलीत मोटरची घरघर चालू होती आणि मॉनिटर काळा होता. मुकुंद भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसला होता. आसारी दोन्ही हातांत, मान खाली. त्याचे हात थोडे सैल व्हायचे, थोडे आवळायचे, मध्येच भराभर गुंडाळायचे.

"मॉनिटर गेला की काय?"

"नाही, बंद केलाय," तो म्हणाला. "थांब जरा. तो आता डावीकडून येतोय. वर चढला. आता आपल्यावर पडणार."

"कोण?"

"समोरचा."

मी जाऊन मॉनिटर चालू केला. समोरचा पतंग खरंच आमच्या मांजावर पडलेला होता. मी म्हटलं, त्याला इतके महिने पाहून पाहून पाठ झालंय, एवढा मठ्ठ आहे तो. मी तसं बोललोही. मुकुंदने आसारी खाली ठेवली नाही.

"अव्या, उद्या बाईंना असंच दाखवलं तर?"

"असं म्हणजे कसं?"

"म्हणजे..." तो शब्द शोधत राहिला. बोलणं हे त्याचं कामच नव्हतं. "पडदा न लावता."

"मुकुंदा, त्या विमानाने येतायत. गेम बघायला. डोळे मिटून ऐकायला हा काय सत्यनारायण आहे?"

तो हसला. मीही हसलो. मग तो म्हणाला, "नाही, आपलं मला वाटलं," आणि दांड्याला तेल घालायला लागला. मला त्याची काळजी वाटली. ताणाने माणूस असा काहीतरी बोलतो, हे मला ठाऊक होतं.

बाई शनिवारी अकराला आल्या. मूळच्या बेळगावच्या, मराठी छान, केस आखूड, पायात कॅनव्हासचे बूट. आल्या आल्या त्यांचं लक्ष आसारीकडे गेलं आणि त्या लहान मुलीसारख्या पुढे झाल्या.

"हे तुम्ही केलंत?"

"सांगाडा येवल्याचा. आतलं माझं," मुकुंद म्हणाला. त्याने नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या.

त्यांनी आसारी उलटसुलट पाहिली, पात्यांवरून बोट फिरवलं, मुलाला पाठवायला म्हणून फोटो काढला. मग खेळायला बसल्या. मोटरने पहिली ओढ दिली तेव्हा त्या दचकून हसल्या. मुकुंदने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा त्या वेळी जसा झाला होता तसा मी नंतर कधी पाहिला नाही.

पण बाई पडद्याकडे बघायच्या तेव्हा हात थांबायचे, आणि हातांकडे बघायच्या तोवर पतंग कटायचा. पहिला कटला, दुसरा कटला. तिसऱ्याला त्यांनी खांदा चोळला. मग आसारी हळूच टेबलावर ठेवली आणि चहाचा कप उचलला. क्लासची मुलं ठेवायची तशीच.

"हे नसताना खेळता येतं का?" त्यांनी विचारलं.

खाली क्लासमध्ये कोणीतरी मोठ्याने सूत्र म्हणत होतं. मुकुंद माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हणू शकलो असतो. पण मला वाटलं, हीच ती वेळ आहे, आत्ता गप्प बसलो तर दोघंही बुडू. मी लॅपटॉप पुढे ओढला आणि तो दोन बटणांचा जुना गेम उघडला. गेल्या काही रविवारी घरी बसून मी त्यात थोडी भर घातली होती. समोरच्या पतंगाला तीन डाव शिकवले होते. मुकुंदला मी ते अजून दाखवलं नव्हतं, म्हटलं आधी जमू तरी दे.

बाई खेळल्या. हरल्या, पुन्हा खेळल्या. चहावर साय धरली. एकदा त्या पडद्याला "अरे लबाडा" म्हणाल्या आणि आम्ही खोलीत आहोत हे आठवून ओशाळल्या. विमानाची वेळ झाली तेव्हा ड्रायव्हरने दोनदा फोन केला.

"हा मी घेते," त्या उठत म्हणाल्या. "फोनवर, एका अंगठ्याने खेळता येईल असा करा." मग त्या मुकुंदकडे वळल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. "तुमची वस्तू फार सुंदर आहे. खरंच सांगते. पण ती हातात आली आणि तुम्ही दोघं गेम करायचं विसरलात, असं मला वाटतं. मी हे खूप ठिकाणी बघते. कोणी चटई करतं, कोणी हातमोजे करतं, कोणी तलवार. खेळणारा माणूस त्याच्याशी दहा मिनिटं खेळतो, आणि मग त्याला कळतं की पुढे काही नाही."

"बरोबर आहे, मॅडम," मुकुंद म्हणाला.

तो त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. मी वर एकटाच होतो आणि खरं सांगायचं तर मला नाचावंसं वाटत होतं. तो परत आला तेव्हा मी त्याला मिठी मारली.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"कोणाचं करतोयस? दोघांचं आहे. अण्णांना फोन लाव आधी."

"काय सांगू त्यांना?"

"गेम घेतला म्हणून सांग."

"तुझा घेतला." तो हे रागाने बोलला नाही. टेबलाजवळ बसून वायर गुंडाळत होता. "दोन बटणांत माझं काय काम आहे, अव्या?"

"आवाज तू कर. टेस्टिंग कर. हजार कामं असतात."

"ती कोणीही करेल."

मी खूप बोललो. त्याला सांगितलं की हा गेम चालू दे, पुढच्या वेळी आसारी घेऊ, पैसा आला की चांगली मोटर घेऊ. तो ऐकत होता आणि स्क्रू काढत होता. मोटर काढून त्याने ती प्रिंटरमध्ये परत बसवली. प्रिंटर क्लासच्या सरांचा होता, मोडीत द्यायला काढलेला. मुकुंदने तो चालू करून पाहिला, एक कोरा कागद बाहेर आला, आणि तो प्रिंटर उचलून खाली देऊन आला.

संक्रांतीच्या आधीच तो येवल्याला गेला. कायमचा गेला असं त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.

'वकाट' फोनवर आला. थोडे दिवस बऱ्यापैकी चालला. लोकांनी चांगलं लिहिलं, मग पतंगाचे आणखी खूप गेम आले, त्यांतले काही आमच्यापेक्षा रंगीत होते, आणि दीड वर्षाने कंपनीने तो बंद केला. मी पुण्याला आलो. तेव्हापासून मी अंगठ्याचेच गेम करतो. लोक सिग्नलला थांबले की खेळतात आणि हिरवा लागला की विसरतात. कामात मी वाईट नाही. फक्त संध्याकाळी लॅपटॉप मिटताना आज काय केलं हे मला स्वतःलाच आठवत नाही.

मुकुंदशी बोलणं तुटलं नाही. त्याच्या लग्नाला गेलो, अण्णा गेले तेव्हा गेलो. केतकीची चांगली पैठणी त्याच्याच दुकानातली. गेमचा विषय आम्ही दोघंही काढत नसू.

गेल्या संक्रांतीला आम्ही येवल्यात होतो. माझी मुलगी ईरा आता अकरा वर्षांची आहे आणि पतंग माझ्यापेक्षा बरा उडवते. गच्चीवर माझा एक पतंग पहिल्या पेचातच गेला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तू आता आसारी धर."

मी धरली. आयुष्यात पहिल्यांदा. चाळिशी उलटली तरी मी ती कधी धरली नव्हती, हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ऊन समोरून येत होतं. वर बघवेना, म्हणून मी खाली बघत उभा राहिलो. आणि थोड्या वेळाने मला कळलं की पतंग कुठे आहे ते मला कळतंय. वारा भरत होता तो दांड्यात आधी येत होता. पतंगाने डोकं खाली घातलं की हात हलका पडत होता. मग एक बारीक थरथर आली, खरखरीत, डावीकडून, आणि मी कोणी न सांगता ओळखलं की हा दुसऱ्याचा मांजा आहे, आपल्या वरून पडलाय आणि ओढतोय. मी मान खालीच ठेवली होती. गच्चीच्या फरशीकडे बघत मी अख्खा पेच पाहिला. इतकी वर्षं मी आभाळात बघून जे पाहिलं होतं त्याहून ते जास्त होतं.

आसारी केतकीकडे देऊन मी जिन्यात जाऊन बसलो आणि मुकुंदला फोन लावला. तो दोन गल्ल्या पलीकडे त्याच्या गच्चीवर होता. मागे हलगी वाजत होती.

"बोल रे, लवकर बोल."

"मुकुंदा, तुला खाली बघून सगळं कळायचं ना? पतंग कुठे आहे, कुणाचा मांजा कुठून येतोय?"

"आज हे कुठून काढलंस?"

"आज पहिल्यांदा आसारी धरली."

"बरं झालं," तो म्हणाला. "पेन्शनीची वाट नाही बघितलीस."

"आपण चुकीचा गेम केला रे. हातात आसारी होती आणि आपण उडवणाऱ्याचा गेम केला. धरणाऱ्याचा करायला हवा होता. पडदाच नको होता त्याला. त्या बाई बरोबर होत्या, मीही बरोबर होतो, आणि तरी... तुला ठाऊक होतं?"

"नीट ठाऊक असतं तर भांडलो नसतो का? हाताला कळत होतं. डोक्यात यायच्या आधी बाई आल्या." मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "जाऊ दे आता. चांगलं चाललंय ना तुझं?"

"नाही चाललेलं. ऐक, आपण करू या. मी रजा टाकतो, मोटर मी आणतो. तू फक्त तुझ्या हाताला काय कळतं तेवढं सांग, बाकी सगळं मी लिहितो."

"मला नाही सांगता येणार आता."

"का?"

"अरे, मी धरतच नाही. लग्न झाल्यापासून मी उडवतो. आसारी मनीषा धरते."

"मग तिला विचार. तिला कळत असेल."

"कधी विचारलं नाही बाबा," मुकुंद म्हणाला. "मी वर बघत असतो ना."

त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला, "अहो, मी ढील सोडतेय."

"मी सांगितल्याशिवाय सोडू नकोस," तो तिच्यावर ओरडला, आणि मला म्हणाला, "चल ठेवतो, पेच लागलाय." आणि फोन बंद झाला.